मार्नीबाई, तबकडीवर तुमचं नाव नव्हतं

प्रिय मार्नी निक्सनबाई,



तुमच्याबद्दल जे काही छापून आलं आहे, त्याची सुरुवात बहुतेक वेळा हळहळीनेच होते. गायली ही बिचारी आणि टाळ्या घेऊन गेल्या नट्या! हॉलिवूडचं भूत अशी तुमची ओळख करून द्यायची, चार उसासे टाकायचे आणि जागा उरलीच तर तुमच्या गाण्याकडे वळायचं. २४ जुलै २०१६ ला न्यूयॉर्कमध्ये तुम्ही गेलात, तेव्हाच्या मृत्युलेखांचाही सूर साधारण असाच होता.

माझ्याकडून ही हळहळ तुम्हाला मिळायची नाही. पडद्यावर ओठ एकीचे आणि गळा दुसरीचा, यात बिचारं काय आहे ते आम्हाला कळतच नाही. आमचा अख्खा सिनेमा त्यावर उभा आहे. आमच्याकडे एखाद्या आजीला नटीचं नाव आठवणार नाही, सिनेमाचंही आठवणार नाही, पण 'लताचं गाणं' हे मात्र ती पहिल्या ओळीत ओळखेल. गळा उसना देणं हा इथे धंदा आहे, कला आहे आणि मानाचं कामही आहे. माझी तक्रार आहे ती लपवाछपवीबद्दल. आणि थोडी तुमच्याबद्दलही, पण तिच्याकडे मागाहून येतो.

सिनेमावाल्यांनी तुम्हाला हेरलं तेव्हा तुम्ही काही कुणी हौशी पोर नव्हतात. १९३० साली कॅलिफोर्नियातल्या अल्टाडिना इथे जन्म, लहानपणी व्हायोलिन, मग गाण्याची पद्धतशीर तालीम. एमजीएम स्टुडिओत निरोप्याचं काम करत होतात, पण सतराव्या वर्षी हॉलिवूड बोलच्या उघड्या रंगमंचावर वाद्यवृंदसंचालक स्टोकोव्स्कींच्या हाताखाली 'कार्मिना बुराना'त गायलात. समोर ठेवलेलं कुठलंही नोटेशन पहिल्या वाचनात गाऊन दाखवायचं आणि स्वर जागचा ढळू द्यायचा नाही, ही तुमची ख्याती. तासाच्या हिशोबाने वादकांना पैसे मोजणाऱ्या स्टुडिओला असा गळा म्हणजे पर्वणीच! आधी मार्गारेट ओब्रायन या बालनटीसाठी गायलात, 'जोन ऑफ आर्क'मध्ये इन्ग्रिड बर्गमनच्या कानी पडणारे देवदूतांचे आवाज झालात. ही सगळी फुटकळ कामं. खरं प्रकरण सुरू झालं ते १९५६ साली, 'द किंग अँड आय'पासून.

त्या सिनेमाच्या वेळी नायिका डेबोरा कार आणि तुम्ही आठवडेच्या आठवडे एकत्र तालीम केलीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी गाणं म्हणताना हात कुठे न्यायचा, मान कधी वळवायची, श्वास कुठे घ्यायचा, हे सगळं त्या करून दाखवत आणि तुम्ही शेजारी उभ्या राहून तसंच करत गात होतात. एका गाण्यात तर अर्धंमुर्धं बोलणं आहे आणि मध्येच सूर लागतो. बोलणं डेबोराबाईंचं, वरचा सूर तुमचा. शेवटचा बोललेला शब्द एकीचा आणि पहिला गायलेला शब्द दुसरीचा, यांच्यामधला सांधा कानाला कळला की सगळी मेहनत फुकट. तो कळत नाही. मी मुद्दाम कान देऊन ऐकलं आहे. त्या ब्रिटिश बाईंच्या बोलण्यातला किंचित कोरडा, नाकासमोर चालणारा शिष्टपणा तुमच्या गाण्यातही आहे. तुम्ही नुसते सूर लावले नाहीत, त्या बाईंचा स्वभाव गळ्यात घेतलात.

या कामाचे तुम्हाला मिळाले ४२० डॉलर. हा आकडा वाचल्यावर इथल्या माणसाला हसू आवरणं कठीण. आदल्याच वर्षी आमच्याकडे राज कपूरचा 'श्री ४२०' येऊन गेला होता आणि चारशेवीस म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. स्टुडिओने वर दमही भरला होता, की कुठे वाच्यता केलीत तर या गावात पुन्हा काम मिळणार नाही. वाच्यता केली ती डेबोराबाईंनीच. पत्रकाराशी बोलताना त्यांनी मोकळेपणी तुमचं नाव घेतलं. इतक्या मोठ्या नटीने ते आपणहून करावं, याला मन मोठं लागतं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे तो अभिनयापेक्षा या एका गोष्टीसाठी अधिक.

'वेस्ट साइड स्टोरी'ची (१९६१) तऱ्हा अगदी उलटी. नायिका नॅटली वूड यांची समजूत अशी करून दिली होती, की पडद्यावर त्यांचाच आवाज राहणार आणि फार वरचे सूर तेवढे तुम्ही सांभाळणार. त्यांनी गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यावर ओठ हलवून चित्रीकरणही झालं. मग सगळं तुमच्या गळ्यात आलं, म्हणजे शब्दशः! आमच्याकडे आधी गाणं मुद्रित होतं आणि नटी त्यावर ओठ हलवते. तुम्हाला मात्र आधीच हललेल्या ओठांवर गाणं बसवायचं होतं. समोरच्या पडद्यावर त्यांचं तोंड उघडतं तेव्हा तुमचा स्वर निघाला पाहिजे, मिटतं तेव्हा थांबला पाहिजे. आणि त्या जिथे तालाच्या किंचित मागे-पुढे झाल्या आहेत, तिथे तुम्हीही तेवढंच मागे-पुढे व्हायचं. ज्याच्या कानाला तसूभर बेसूर खपत नाही, त्याने दुसऱ्याची चूक मापून पुन्हा करायची. याला मी तरी गाण्यातली सर्वांत अवघड हमाली म्हणेन. त्याच सिनेमात पाच जणांचे आवाज एकमेकांत गुंफलेलं एक गाणं आहे. त्यात नायिका मारियाही तुम्ही आणि तिची मैत्रीण अनिताही तुम्हीच. अनिताचा काही भाग ज्या गायिकेकडे होता, ती ऐन वेळी गाऊ शकली नाही म्हणून. त्या गाण्यात तुम्ही स्वतःशीच सवाल-जवाब करताय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

त्या सिनेमाच्या गाण्यांची तबकडी अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत ५४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. वर्षाहून जास्त! तबकडीवर तुमचं नाव नव्हतं आणि विक्रीतला वाटाही नव्हता. तुम्ही वाटा मागितलात, निर्मात्यांनी कानांवर हात ठेवले. शेवटी लेनर्ड बर्नस्टाइन यांनी स्वतःच्या मानधनातून पाव टक्का तुम्हाला दिला. पाव टक्का म्हणजे हिशोबाच्या वहीत ठिपक्याएवढाही नाही, पण दिला तो ज्याने चाली बांधल्या त्याने, स्वतःच्या खिशातून. हे आमच्या इथल्या संगीतकारांनी वाचायला हवं होतं. आमच्याकडे साठच्या दशकात रॉयल्टीच्या याच प्रश्नावरून लताबाई आणि रफीसाहेब यांचं बिनसलं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. लताबाईंचं म्हणणं, तबकडी विकली जाते तोवर गाणाऱ्याला हिस्सा मिळाला पाहिजे. रफीसाहेबांचं म्हणणं, गायलो, पैसे घेतले, विषय संपला. रफीसाहेबांचा साधेपणा कितीही लोभस असला, तरी या भांडणात मी लताबाईंच्या बाजूचा. तुम्ही कुणाच्या बाजूने असता हे विचारायला नकोच.

आमच्याकडे सगळं आधीपासूनच छान होतं असा माझा दावा नाही. १९४९ सालच्या 'महल'च्या तबकडीवर गायिकेचं नाव म्हणून छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं! रेडिओवर गाणं लागलं आणि लोकांनी पत्रं पाठवून विचारलं, की ही गाते कोण? मग लताबाईंचं नाव सांगावं लागलं. श्रोत्यांनी हट्ट धरला म्हणून ते झालं. पुढे फिल्मफेअरच्या सोहळ्यात संगीतकाराला पारितोषिक आणि त्याच गाण्याच्या गायिकेला काहीच नाही, असं झालं, तेव्हा लताबाईंनी तिथे गायला साफ नकार दिला. १९५९ पासून पार्श्वगायनाचं पारितोषिक सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच मिळालं. एक गंमतही सांगतो. ज्या बाईंनी नावासाठी एवढं भांडण केलं, त्यांनीच मराठी चित्रपटांना 'आनंदघन' या टोपणनावाने संगीत दिलं आणि 'साधी माणसं'ला राज्य शासनाचं पारितोषिक जाहीर झालं तेव्हा कुठे आनंदघन कोण ते उघड झालं. स्वतः होऊन बुरखा घेणं आणि दुसऱ्याने तोंडावर ओढणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आता 'माय फेअर लेडी' (१९६४). या सिनेमाची गोष्ट मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. बर्नार्ड शॉच्या ज्या 'पिग्मॅलियन'वरून तो निघाला, त्यावरूनच पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली 'ती फुलराणी' रचलं आणि भक्ती बर्वे यांनी तिची मंजुळा घराघरांत पोचवली. एका गावंढळ फुलवालीला गुरुजी उच्चार शिकवतात, बोलणं बदलतात आणि मग ती विचारते की माझं काय उरलं? अशा गोष्टीत नायिकेचा गाता आवाजच दुसरीचा! ऑड्री हेपबर्न यांनी मेहनत केली होती, गाणी मुद्रितही केली होती. त्यांचे काही तुकडे सिनेमात राहिले आहेत. रागाच्या भरात गुरुजींना शिव्याशाप देणारं जे गाणं आहे, त्याची सुरुवातीची खरखरीत तणतण ऑड्रीबाईंची आणि गाणं वर चढतं तिथून तुम्ही. म्हणजे फुलवाली त्यांची आणि राजकन्या तुमची. शॉसाहेबांना हे कळतं तर त्यांनी प्रस्तावनेत आणखी वीस पानं लिहिली असती.

त्याच सिनेमात गुरुजी झालेल्या रेक्स हॅरिसन यांनी मात्र आपण ओठ हलवणार नाही म्हणून हट्ट धरला आणि टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवून प्रत्येक गाणं चित्रीकरणातच म्हटलं. पुरुषाचा हट्ट पुरवला गेला, बाईला परस्पर गळा बदलून मिळाला. सिनेमाला आठ ऑस्कर मिळाली. ऑड्रीबाईंना साधं नामांकनही नाही, आणि त्याच वर्षी ऑस्कर घेऊन गेल्या ज्युली अँड्र्यूज, ज्यांनी ब्रॉडवेवर हीच फुलवाली, एलायझा, गाजवली होती पण सिनेमासाठी ज्यांना नाकारलं गेलं होतं. तुमच्या आवाजाची बातमी फुटली होती, त्याचा राग लोकांनी ऑड्रीबाईंवर काढला असं म्हणतात. लपवाछपवीचा तोटा गाणारीला झाला तसा ओठ हलवणारीलाही झाला. आमच्या मधुबालाला किंवा नर्गिसला असा दोष कुणी कधी दिला नाही.

हॉलिवूडला आपला हा खोटेपणा ठाऊक नव्हता असंही नाही. १९५२ च्या 'सिंगिंग इन द रेन'ची सगळी कथाच यावर आहे. किनऱ्या आवाजाच्या नटीसाठी पडद्यामागून दुसरी मुलगी गाते आणि शेवटी पडदा उघडून तिला लोकांसमोर आणतात. कहर म्हणजे पडद्यामागच्या त्या मुलीचं काम करणाऱ्या डेबी रेनल्ड्स यांच्यासाठीही काही गाणी तिसरीच कुणीतरी, बेटी नॉइस, गायली होती आणि तिचंही नाव नव्हतं! लोकांना हसवायचं आणि त्याच हाताने झाकायचं.

बाई, तुमच्या आणि आमच्या पार्श्वगायनात एक मूलभूत फरक मला दिसतो. आमच्याकडे सांधा लपवण्याची कुणाला फारशी फिकीरच नव्हती. नर्गिस बोलते ती भरदार, किंचित जाड्या आवाजात आणि गाते ती लताबाईंच्या त्या उंच, बारीक सुरात. प्रेक्षक कुरकुरला का? छे! पेटीचा सूर ऐकू आला की त्याने आपणहून कबूल केलेलं असायचं, की आता बाई बदलणार. म्हणून आमच्याकडे गाणारीचा आवाज हा सिनेमातला दुसरा नट झाला. तीन पिढ्यांच्या नायिकांना एकच आवाज चालला, कारण तो नायिकेचा नव्हताच, लताचा होता. तुमचं उलट. तुम्ही इंग्रज शिक्षिका झालात, पोर्तो रिकोची पोर झालात, लंडनची फुलवाली झालात. तिन्ही सिनेमे एकापाठोपाठ ऐकले तरी गाणारी एकच आहे हे पटकन ध्यानात येणार नाही. आशाबाईंच्या जवळ जाणारं हे काम आहे, पण आशाबाई कितीही बदलल्या तरी आशाबाई असतातच. तुम्ही स्वतःला पार पुसून टाकायचात.

इथेच माझी तुमच्याबद्दलची तक्रार येते.

ऐंशीच्या दशकात तुम्ही स्वतःच्या नावाने, लिंकन मेयोर्गा यांच्या पियानोच्या साथीवर, जॉर्ज गर्श्विन आणि जेरोम कर्न यांच्या गाण्यांच्या दोन तबकड्या केल्यात. नट्यांसाठी गायलेली गाणी स्वतःच्या तोंडाने म्हणत, त्यांचे किस्से सांगत मैफली करत हिंडलात. अमेरिकेतली ही जुनी गाणी म्हणजे आपल्या नाट्यपदांची चुलत भावंडं. ती नाटकांतून आणि सिनेमांतून आली, नाटकं विसरली गेली, गाणी राहिली. कर्नचं 'ऑल द थिंग्ज यू आर' घ्या. १९३९ सालचं ते नाटक साठ प्रयोगही न होता कोसळलं, पण गाणं आजही जगभर गायलं, वाजवलं जातं. चाल ऐकायला सोपी, पण जेमतेम छत्तीस मात्रा-गटांत पाच वेळा षड्ज हलतो. ऐकणाऱ्याला पायाखालची सतरंजी सरकल्याचा पत्ता लागत नाही आणि गाणारा जरा बेसावध राहिला की तोंडघशी. शिवाय या गाण्यांना मुखड्याच्या आधी एक सैलसर, बोलल्यासारखा भाग असतो, आपल्या संगीत नाटकातल्या साकीच्या चालीवर. जलशात घाईघाईत तो बहुतेक जण गाळतात. पात्र कोण, कुठे उभं आहे, का गातंय, हे सगळं त्यातच असतं. तुमच्यासारख्या शब्दाला जपणाऱ्या गायिकेची खरी जागा ती.

तुमच्या गर्श्विनमध्ये प्रत्येक अक्षर दाणेदार आहे. सूर स्वच्छ, श्वास कुठे घेतलात ते कळत नाही. पण जॅझगायिका एला फिट्झजेराल्ड यांचा १९५९ चा गर्श्विन शेजारी ठेवला, की मला तुमच्याकडे एक गोष्ट कमी पडते. एलाबाई शब्द ठोक्याच्या मागे रेंगाळत ठेवतात, मग हळूच सोडून देतात. जणू गाण्याशी त्यांचं काही जुनं खासगी बोलणं चालू आहे. तुम्ही मात्र अदबीने, कुणाच्या तरी ओठांना धक्का लागू नये अशा बेताने गाता. ओठ कुणाचे? त्या वेळी समोर पडदा नव्हता, नटी नव्हती, तुम्ही मोकळ्या होतात. इतकी वर्षं दुसऱ्याचा श्वास मोजणाऱ्या माणसाला स्वतःचा श्वास हवा तिथे सोडता येत नसेल, असं मला वाटून जातं. कदाचित हा माझ्या कानाचा पूर्वग्रह असेल. तुमची कथा आधी ठाऊक असलेला कान निर्मळ नसतो.

पण वेबर्न, शोएनबर्ग, स्ट्राविन्स्की या आधुनिक संगीतकारांच्या रचना गाताना तुम्ही असं बिचकत नाही. जिथे स्वर एकदम सप्तक ओलांडून उड्या मारतात, भल्याभल्यांना घाम फुटतो, तिथे तुम्ही हसत-खेळत वावरता. त्या संगीतात कुणी नटी उभी नव्हती, म्हणून असेल का? बर्नस्टाइन यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत तुम्हाला एकल गायिका म्हणून बोलावलं, तेही अशाच संगीतासाठी. सिनेमाच्या गोंगाटात तुमचं हे अंग झाकून गेलं, याचं वाईट वाटायचं तर वाटावं.

'माय फेअर लेडी' पडद्यावर आला त्याच १९६४ साली न्यूयॉर्कच्या सिटी सेंटरमध्ये तुम्ही रंगमंचावर एलायझा झालात, सबंध, चेहऱ्यासकट. पुढच्या वर्षी 'द साउंड ऑफ म्युझिक'मध्ये सिस्टर सोफिया म्हणून पडद्यावरही दिसलात. हा सिनेमा आमच्याकडे दोन-तीन पिढ्यांनी पाठ केला आहे, तरी त्या जोगिणींच्या घोळक्यात कोण उभं आहे ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच मठातल्या वडीलधाऱ्या मदर अॅबेसचं गाणं दुसरीच गायिका गायली होती आणि कॅप्टनसाठी, म्हणजे ख्रिस्तोफर प्लमर यांच्यासाठी, बिल ली. त्या सेटवर उसन्या गळ्यांचा सुकाळ होता आणि त्यात तुम्ही मात्र स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या तोंडाने गात होतात. अँड्र्यूजबाई पहिल्या दिवशी चालत तुमच्याकडे आल्या आणि कौतुकाने हात हातात घेतला, असं तुम्हीच सांगत असायचात. जिची भूमिका हिरावली गेली ती आणि जिने त्या भूमिकेला आवाज दिला ती. दोघींमध्ये कटुता असायला पुष्कळ वाव होता.

मग २००७ साल. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने 'माय फेअर लेडी' रंगमंचावर केलं. एलायझा होत्या केली ओहारा, स्वतःच्या गळ्याने गाणाऱ्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या तुम्ही गुरुजींच्या, म्हणजे हिगिन्सच्या, आईच्या भूमिकेत. आता, त्या आईच्या वाट्याला सबंध नाटकात एकही गाणं नाही! ज्या बाईंच्या आवाजाने ती सगळी गाणी जगाच्या कानात बसवली, त्या रंगमंचावर बसून होत्या आणि नुसत्या बोलत होत्या.

आमच्या गडकरी रंगायतनात किंवा बालगंधर्वला असा प्रयोग झाला असता ना, तर पिटातून पहिला 'वन्स मोअर' तुमच्या नावाचा आला असता. तुमच्या भूमिकेत पद नाही, हे ऐकून घ्यायला कुणी तयार झालं नसतं. ऑर्गनवाल्याने आपणहून सूर दिला असता आणि दिग्दर्शक विंगेत कपाळाला हात लावून बसला असता.

आपला,
पुण्यातला एक श्रोता